आंबटाचे स्फटिक

द्राक्षाचा रस पिंपात आंबू लागला, की पिंपाच्या आतल्या बाजूला हळूहळू एक खरखरीत थर धरतो. पांढऱ्या वाइनच्या पिंपात तो करडा असतो, लाल वाइनच्या पिंपात तांबूस-जांभळा. साखरेचा मद्यार्क होत जातो तसतशी पोटॅशियमचा एक आंबट क्षार विरघळवून ठेवण्याची त्या द्रवाची ताकद घटत जाते आणि तो क्षार लाकडाच्या अंगावर बारीक स्फटिकांच्या रूपाने बसत राहतो. युरोपातल्या किमयागारांनी त्याला टार्टर म्हटले. पिंपे रिकामी झाली की ही खरवड काढायची आणि रंगाऱ्यांना, औषधविक्यांना विकायची, हा द्राक्षमळ्यांच्या मुलखातला जुना जोडधंदा होता. लोकरीवर रंग पक्का बसावा म्हणून तुरटीबरोबर टार्टर लागे. पोट साफ होण्यासाठीही तो दिला जाई. सेंद्रिय आम्लांच्या स्फटिकांचा इतिहास या खरवडीपासून सुरू होतो.

स्वीडनमधल्या कार्ल विल्हेल्म शेले या औषधविक्याने १७६९ मध्ये टार्टरमधले आम्ल वेगळे काढले. त्याची रीत साधी होती. टार्टर पाण्यात उकळायचा आणि त्यात खडूची पूड घालायची. तळाशी कॅल्शियमचा न विरघळणारा क्षार बसतो. तो धुऊन घेऊन त्यावर सौम्य सल्फ्युरिक आम्ल ओतले, की कॅल्शियम जिप्सम होऊन खाली राहतो आणि मूळ आम्ल पाण्यात उतरते. ते पाणी गाळून, आटवून थंड केले की काचेसारखे स्वच्छ खडे मिळतात. हेच टार्टारिक आम्ल. याच रीतीने शेलेने १७८४ मध्ये लिंबाच्या रसातून सायट्रिक आम्लाचे स्फटिक काढले. पुढच्या वर्षी सफरचंदातले मॅलिक आम्लही त्याने ओळखले. त्याआधी, १७७६ मध्ये, साखरेवर नायट्रिक आम्लाची क्रिया करून त्याने ऑक्झॅलिक आम्ल मिळवले होते. तेच आम्ल आंबुटीच्या पानांतही असते, हे नंतर त्यानेच दाखवून दिले. १७८६ मध्ये, वयाच्या अवघ्या ४३व्या वर्षी तो वारला. एका छोट्या गावातल्या औषधाच्या दुकानात बसून इतके काम करणारा दुसरा माणूस रसायनशास्त्राच्या इतिहासात सापडणे कठीण.

शेलेच्या आधी आंबटपणा ही एक चव होती. कोणता आंबट कशात घालायचा हे स्वयंपाकघराला पक्के ठाऊक होते: आमटीत चिंच, सोलकढीत कोकम, घशाला खाजू नये म्हणून अळूच्या भाजीत पुन्हा चिंच. हरभऱ्याच्या शेतात पहाटे पांढरे फडके फिरवून, दवात भिजलेले ते कापड पिळून आंब गोळा करणाऱ्या शेतकऱ्यालाही या आंबटाचे वेगळेपण माहीत होते. चिंचेत मुख्यतः टार्टारिक आम्ल असते, आंबेत मॅलिक आणि ऑक्झॅलिक. पण जिभेच्या साक्षीवर रसायनशास्त्र उभे राहत नाही. प्रत्येक आम्लाचा स्फटिक वेगळा आहे, त्याचे कोन ठरलेले आहेत आणि तो कुठल्याही फळातून काढला तरी बदलत नाही, हे समजले तेव्हा प्रत्येक आंबटाला स्वतःची ओळख मिळाली. स्फटिकाचे कोन मोजण्याचे शास्त्र त्याच काळात फ्रान्समध्ये रने-ज्यूस्त आउई उभे करत होता. एकाच आकाराच्या सूक्ष्म विटा रांगेने रचल्या तर मोठ्या स्फटिकाचे सपाट पृष्ठ तयार होते, अशी त्याची मांडणी होती. या विटा नेमक्या कशाच्या आणि त्या एकमेकींना कशाने धरून राहतात, याचे उत्तर मिळायला पुढे सव्वाशे वर्षांहून अधिक काळ जावा लागला.

पहिला मोठा धागा पुन्हा टार्टरच्याच पिंपातून निघाला. १८२०च्या सुमारास आल्सेस प्रांतातल्या थान गावी केस्टनर नावाच्या कारखानदाराच्या टार्टारिक आम्लात एक जुळे आम्ल सापडले. त्याची घटकद्रव्ये आणि त्यांची प्रमाणे अगदी टार्टारिक आम्लासारखीच होती, पण ते पाण्यात कमी विरघळे आणि त्याचे स्फटिकही निराळे होते. द्राक्षाच्या घोसाच्या लॅटिन नावावरून गे-ल्युसॅकने त्याला रेसिमिक आम्ल म्हटले. टार्टारिक आम्लाच्या द्रावणातून ध्रुवित प्रकाश गेला की त्याचे प्रतल उजवीकडे वळते, हे ज्यॉं-बातीस्त बियोने दाखवले होते. रेसिमिक आम्ल ते मुळीच वळवत नसे. १८४४ मध्ये मित्शेरलिखने कोडे आणखी घट्ट केले. या दोन आम्लांचे सोडियम-अमोनियम क्षार स्फटिकाकारात तंतोतंत सारखे असून एक प्रकाश वळवतो आणि दुसरा वळवत नाही, असे त्याने जाहीर केले.

लुई पाश्चर तेव्हा पॅरिसच्या एकोल नॉर्मालमध्ये होता. १८४८ मध्ये, पंचविशीत, त्याने हे दोन्ही क्षार स्वतः स्फटिकवून पाहिले. टार्टारिक आम्लाच्या क्षाराच्या प्रत्येक स्फटिकावर एका बाजूला तिरके असे छोटे पैलू असतात, हे मित्शेरलिखच्या नजरेतून सुटले होते. रेसिमिक क्षारावर असे पैलू नसतील, अशी पाश्चरची अटकळ होती. पण तिथेही ते दिसले आणि त्याची क्षणभर निराशा झाली. मग त्याने एकेक स्फटिक हातात घेऊन, एकाच दिशेने धरून पाहिला. काहींचे पैलू उजवीकडे होते, काहींचे डावीकडे. एकाला आरशासमोर धरावे आणि दुसरा दिसावा, तसे ते होते. त्याने चिमट्याने एकेक खडा उचलून दोन ढीग केले आणि दोन्हींची वेगवेगळी द्रावणे केली. एकाने प्रकाश उजवीकडे वळवला, दुसऱ्याने डावीकडे. समभाग मिसळले तेव्हा प्रकाश वळेना.

वयोवृद्ध बियोचा यावर चटकन विश्वास बसला नाही. त्याने स्वतःजवळचे रेसिमिक आम्ल पाश्चरला दिले, आपल्यासमोर क्षार तयार करायला लावला, द्रावण आपल्याच ताब्यात ठेवून सावकाश सुकू दिले आणि खडे निवडण्यासाठी पाश्चरला पुन्हा बोलावले. निवडलेल्या खड्यांपैकी डावीकडे वळवणारे, म्हणजे तोवर कोणीच न पाहिलेले द्रावण बियोने आधी तपासले. उपकरणात डोळा लावताच त्याची खात्री पटली. या शोधात दैवाचाही वाटा होता, कारण हा क्षार साधारण २७ अंश सेल्सियसच्या खालीच दोन वेगळ्या जातींच्या खड्यांत विभागतो. त्याहून उबदार हवेत डावे आणि उजवे रेणू एकाच स्फटिकात शेजारी-शेजारी बसतात आणि निवडायला काही उरत नाही.

पाश्चरने एक गोष्ट सिद्ध केली: रेणूची घडण डावी-उजवी असेल तर तिची छाप डोळ्यांना दिसणाऱ्या खड्यावरही उमटते. रेणू स्फटिकात कसे रचले जातात हा प्रश्न यातून आपोआप उभा राहिला, पण तो सोडवण्याचे साधन त्या काळी नव्हते.

दरम्यान दुसऱ्याच बाजूने एक विचित्र माहिती जमत होती. व्हिनेगरमधल्या ॲसेटिक आम्लाच्या रेणूचे वजन ६०. पण उकळबिंदूच्या जवळ त्याच्या वाफेची घनता मोजली, तर ती या वजनाला शोभण्यापेक्षा बरीच जास्त भरे आणि वाफ तापवत नेली की कमी होत जाई. १८८०च्या दशकात द्रावणांच्या गोठणबिंदूवरून रेणूंचे वजन काढण्याची रीत आली. तेव्हा बेंझीनमध्ये विरघळलेल्या ॲसेटिक आणि बेंझोइक आम्लांचे वजन जवळजवळ दुप्पट निघाले. ही आम्ले जोडीने राहतात, एवढे उघड झाले. तापवले की जोडी सुटते, म्हणजे धागा कच्चा आहे, हेही दिसले. पण हायड्रोजनला तर एकच हात. तो एका ऑक्सिजनला धरून असताना दुसऱ्याला कसा धरणार?

या प्रश्नाला बर्कलीतल्या गिल्बर्ट लुइसच्या प्रयोगशाळेत उत्तर मिळाले. १९२० मध्ये वेंडेल लॅटिमर आणि वर्थ रोडेबुश यांनी पाण्याच्या आगळ्या गुणांचा उलगडा करताना सांगितले, की एका ऑक्सिजनला जोडलेला हायड्रोजन शेजारच्या रेणूतल्या ऑक्सिजनच्या मोकळ्या इलेक्ट्रॉन-जोडीकडे ओढला जाऊन दोघांमध्ये एक दुबळा बंध निर्माण करू शकतो. मॉरिस हगिन्स हा तिथलाच विद्यार्थी आपल्या अभ्यासनिबंधात त्याआधीच या कल्पनेपर्यंत पोहोचला होता. पुढे लायनस पॉलिंगने या बंधाला रसायनशास्त्रात मानाचे स्थान मिळवून दिले.

कार्बोक्झिल गट हा सेंद्रिय आम्लाचा पंजा म्हणायला हवा. त्यात एक कार्बन, त्याला दोन ऑक्सिजन आणि त्यांपैकी एकावर हायड्रोजन असतो. ज्या ऑक्सिजनवर हायड्रोजन आहे तो देणारा, आणि दुहेरी बंधाने कार्बनला जोडलेला दुसरा ऑक्सिजन घेणारा. दोन पंजे समोरासमोर आले की प्रत्येक जण एका हाताने देतो आणि दुसऱ्याने घेतो. फुगडी घालताना दोघी एकमेकींचे दोन्ही हात धरतात, तशी ही पकड असते. आठ अणूंचे एक कडे तयार होते. त्यात चार ऑक्सिजन, दोन कार्बन आणि दोन हायड्रोजन असतात. ऑक्सिजन आणि हायड्रोजन यांचा नेहमीचा बंध तोडायला एका मोलमागे सुमारे ४६० किलोज्यूल लागतात. फुगडीतला एकेक हायड्रोजन बंध सुमारे ३० किलोज्यूलचा. खोलीच्या तापमानाला टिकण्याइतका तो बळकट आहे आणि चुलीवर सुटण्याइतका हलका. १९३४ मध्ये पॉलिंग आणि ब्रॉकवे यांनी फॉर्मिक आम्लाच्या वाफेवर इलेक्ट्रॉनांचा झोत सोडून ही जोडी प्रत्यक्ष मापली. दोन रेणूंमधल्या ऑक्सिजन-ऑक्सिजनचे अंतर २.६७ अँगस्ट्रॉम भरले.

स्फटिकाच्या आत डोकावण्याची खिडकी मात्र आधीच उघडली होती. १९१२ मध्ये लाउएच्या सूचनेवरून म्युनिकमध्ये स्फटिकातून क्ष-किरण सोडले गेले, पलीकडच्या फोटोपट्टीवर ठिपके उमटले आणि १९१३ पासून ब्रॅग पितापुत्रांनी त्या ठिपक्यांवरून अणूंच्या जागा काढायला सुरुवात केली. मिठासारख्या साध्या क्षारांनंतर विल्यम हेन्री ब्रॅगने १९२१ मध्ये नॅप्थॅलीन, म्हणजे डांबरगोळीच्या स्फटिकाला हात घातला आणि सेंद्रिय रेणू स्फटिकातही आपला आकार टिकवून राहतो हे दिसून आले. १९३० मध्ये कलकत्त्याला केदारेश्वर बॅनर्जी यांनी नॅप्थॅलीन आणि अँथ्रासीनमधल्या रेणूंच्या मांडणीची उकल केली. भारतात या विषयाची मुळे इतकी जुनी आहेत.

आम्लांमध्ये पहिला ठसठशीत निकाल साबण-मेणबत्त्यांच्या आम्लांनी दिला. १९२३ मध्ये लंडनमध्ये अलेक्स म्युलरने पामिटिक, स्टिअरिक अशा लांब साखळीच्या आम्लांचे पातळ थर तपासले. थरांमधले अंतर साखळीत कार्बन वाढेल तसे ठरावीक मापाने वाढत होते. ते रेणूच्या लांबीच्या जवळपास दुप्पट होते. याचा अर्थ, रेणू डोक्याला डोके लावून उभे आहेत आणि शेपट्या शेपट्यांना टेकल्या आहेत. डोक्यांकडे हायड्रोजन बंधांची पकड असते, शेपट्यांकडे नुसता स्पर्श. अशा स्फटिकाला चीर पडते ती शेपट्यांच्या बाजूने.

पण खरी कसोटी ऑक्झॅलिक आम्लाची. दोन कार्बोक्झिल गट पाठीला पाठ लावून जोडलेले, मध्ये काहीच नाही, असे हे सर्वांत लहान द्विआम्ल. बाजारात मिळणाऱ्या खड्यात दर रेणूमागे पाण्याचे दोन रेणू असतात. १९३६ मध्ये जॉन मॉन्टीथ रॉबर्टसन आणि आयडा वुडवर्ड यांनी त्याची रचना काटेकोर मापांनी मांडली. त्यात फुगडी नाहीच. आम्लाचा हायड्रोजन पाण्याच्या ऑक्सिजनकडे जातो, आणि तोही अवघ्या अडीच अँगस्ट्रॉमच्या आसपास अंतरावर, म्हणजे असाधारण जवळून. पाण्याचे दोन हायड्रोजन पुढे दुसऱ्या दोन आम्लरेणूंच्या घेणाऱ्या ऑक्सिजनांना धरतात. अशी तिन्ही दिशांना पसरलेली जाळी तयार होते. त्या काळी ही सगळी आकडेमोड हाताने होई. हजारो संख्यांच्या बेरजा करून कागदावर इलेक्ट्रॉनांच्या दाटीच्या समोच्च रेषा काढायच्या, डोंगराच्या नकाशावर काढतात तशा, आणि प्रत्येक शिखर म्हणजे एक अणू.

हायड्रोजन मात्र त्या नकाशावर जवळजवळ दिसत नसे. क्ष-किरणांना इलेक्ट्रॉन दिसतात आणि हायड्रोजनपाशी तो एकच असतो. म्हणून दोन ऑक्सिजनांमधले अंतर नेहमीपेक्षा कमी आढळले की मध्ये हायड्रोजन आहे असे मानले जाई. घरात माणूस दिसला नाही तरी दाराशी चपला दिसतात, तशातला हा पुरावा. १९३९ मध्ये रॉबर्टसन आणि उबेलोडे यांनी हायड्रोजनच्या जागी दुप्पट वजनाचा ड्यूटेरियम घालून हाच खडा तयार केला, तेव्हा तो छोटा बंध किंचित लांबला. अदृश्य अणूने आपले असणे असे कळवले. दुसऱ्या महायुद्धानंतर अणुभट्ट्यांतून न्यूट्रॉनांचे झोत मिळू लागले आणि हायड्रोजनची जागा थेट काढता आली. ऑक्झॅलिक आम्लाचा हा साधा खडा पुढे कसोटीचा दगडच ठरला. निरनिराळ्या प्रयोगशाळांची मापे एकमेकांशी किती जुळतात हे तपासण्यासाठी आंतरराष्ट्रीय स्फटिकशास्त्र संघटनेने हाच स्फटिक निवडला आणि १९८४ मध्ये त्याचे निकाल प्रसिद्ध झाले.

पाणी काढून टाकलेले ऑक्झॅलिक आम्ल आणखी बोलके आहे. त्याचे दोन प्रकारचे स्फटिक होतात. १९३५ मध्ये हेंड्रिक्सने आणि १९५२ मध्ये कॉक्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांचा अभ्यास केला. बीटा प्रकारात रेणू दोन्ही टोकांना फुगडी धरून लांबच लांब रांग करतात. अल्फा प्रकारात प्रत्येक रेणू चार वेगवेगळ्या शेजाऱ्यांना एकेक हात देतो आणि सुरकुतलेल्या चादरीसारखा थर तयार होतो. रेणू तोच, हात तेच, तरी मांडण्या दोन.

अशीच गोष्ट सर्वांत साध्या आम्लांत आढळली तेव्हा आम्ले नेहमी जोडीनेच राहतात ही जुनी समजूत मोडली. वाफेत जोडीने फिरणारे फॉर्मिक आम्ल स्फटिकात जोडीने राहत नाही, हे १९५३ मध्ये होल्ट्सबर्ग, पोस्ट आणि फॅंकुकेन यांनी दाखवले. ॲसेटिक आम्लाचे तेच, हे १९५८ मध्ये जोन्स आणि टेम्पलटन यांनी. शुद्ध ॲसेटिक आम्ल १६.६ अंशांना गोठते, त्यामुळे पुण्याच्या थंडीत प्रयोगशाळेतल्या बाटलीत त्याचा बर्फासारखा गोळा झालेला दिसतो. त्या गोळ्यात प्रत्येक रेणू एका शेजाऱ्याला हात देतो आणि दुसऱ्याचा हात घेतो, अशा साखळ्या असतात. याउलट बेंझोइक आम्लाच्या स्फटिकात फुगडीच आहे. सिम, रॉबर्टसन आणि गुडविन यांनी १९५५ मध्ये ती पाहिली. तिच्यातले ऑक्सिजन-ऑक्सिजन अंतर २.६४ अँगस्ट्रॉम होते.

पकड एकच असताना कुणी फुगडी घालतो, कुणी साखळी धरतो. याचे कारण पकडीत सापडत नाही, दाटीत सापडते. मॉस्कोतल्या अलेक्झांडर किताइगोरोद्स्की यांनी १९४०च्या दशकापासून हे पटवून दिले. त्यांच्या मते सेंद्रिय स्फटिक घडताना पहिला नियम जागा वाया न घालवण्याचा. एका रेणूचा उंचवटा शेजाऱ्याच्या खोबणीत बसला पाहिजे. कोकणात घराभोवती चुन्या-मातीशिवाय गडगा रचतात, तेव्हा हाताशी आलेला प्रत्येक दगड फिरवून त्याचे टोक खालच्या दोन दगडांच्या फटीत बसवतात. किताइगोरोद्स्कींचा रेणू तसाच बसतो. बहुतेक सेंद्रिय स्फटिकांत रेणूंनी व्यापलेली जागा ६५ ते ७७ टक्क्यांच्या दरम्यान निघते. समान गोळे घट्टात घट्ट रचले तर ७४ टक्के जागा भरते, हे लक्षात घेतले म्हणजे वेड्यावाकड्या आकारांचे रेणू किती कसबाने बसतात ते कळते. फॉर्मिक आणि ॲसेटिक आम्लांचे रेणू इतके छोटे आहेत, की साखळी धरूनही त्यांची दाटी नीट साधते. बेंझोइक आम्लाच्या पाठीवर सहा कार्बनांचे पसरट कडे असते. ते घेऊन साखळीत उभे राहण्यापेक्षा जोडी करून एकावर एक रचले जाणे त्याला सोयीचे पडते.

पकड आणि दाटी यांच्या ओढाताणीचे सर्वांत सुंदर उदाहरण १८७७ पासून पडून होते. आडोल्फ बायरच्या तेव्हा लक्षात आले होते, की दोन्ही टोकांना पंजे असलेल्या आम्लांच्या मालिकेत कार्बनांची संख्या एकेकाने वाढवली तर वितळबिंदू सरळ चढत नाहीत, झोके घेतात. चार कार्बनांचे सक्सिनिक आम्ल सुमारे १८५ अंशांना वितळते, पाच कार्बनांचे ग्लुटारिक आम्ल शंभराच्याही खाली, सहा कार्बनांचे ॲडिपिक पुन्हा १५० अंशांपाशी. सम संख्या उंच, विषम संख्या खाली. वेंकट थल्लाडी, मार्क न्यूसे आणि रोलंड बोझे यांनी २००० मध्ये या मालिकेतले स्फटिक ओळीने तपासून कारण दाखवले. सम कार्बनांच्या रेणूत दोन टोकांचे पंजे विरुद्ध दिशांना पण समांतर असतात, त्यामुळे सरळ ताठ राहूनही रांग धरता येते आणि शेजारच्या रांगेला लगटताही येते. विषम कार्बनांच्या रेणूला दोन्ही साधायचे तर कंबरेत पीळ घ्यावा लागतो. तो पीळ सोसत उभा असलेला स्फटिक थोड्या उष्णतेनेही मोडतो. बायरचा प्रश्न सुटायला १२३ वर्षे लागली.

टार्टारिक आम्लाचे जुने कोडेही मधल्या काळात पूर्ण सुटले होते. प्रकाश उजवीकडे वळवणाऱ्या रेणूची खरी घडण डावी की उजवी, हे रसायनशास्त्राला ठाऊक नव्हते. एमिल फिशरने दोहोंपैकी एक अंदाजाने निवडली होती आणि सगळे तीच चित्रे काढत होते. १९५१ मध्ये उट्रेख्ट इथे योहानेस बिफूट यांच्या गटाने सोडियम-रुबिडियम टार्ट्रेटच्या स्फटिकावर रुबिडियमला डिवचणारे नेमके क्ष-किरण सोडले आणि ठिपक्यांच्या तेजातल्या बारीक फरकांवरून उत्तर काढले. फिशरचा अंदाज बरोबर निघाला. नसता निघाला, तर हजारो पुस्तकांतली चित्रे उलटी करावी लागली असती.

हीच रीत कोकमाच्या कुळातल्या आम्लाच्या उपयोगी पडली. या फळांचा आंबटपणा टार्टारिक आणि सायट्रिक आम्लांचा असल्याची समजूत होती. १९६५ मध्ये लुईस आणि नीलकंठन यांनी कोकमाच्या भाईबंद मलबारी चिंचेच्या सालीतले मुख्य आम्ल हायड्रॉक्सिसायट्रिक असल्याचे दाखवले. आमसुलातही तेच असते. हे आम्ल आटवताना स्वतःचेच दोन हात जुळवून कडे करून घेते. त्यामुळे फिलाडेल्फियात जेनी ग्लस्कर आणि सहकाऱ्यांनी त्या कड्याच्या कॅल्शियम क्षाराचे स्फटिक घेतले आणि १९७१ मध्ये त्याची पूर्ण घडण, डावे-उजवेपणासह, ठरवली. कॅल्शियम घालून आम्ल पकडण्याची शेलेची युक्ती दोनशे वर्षांनी निराळ्या कामी आली.

इस्रायलमधल्या वाइझमन संस्थेत गेरहार्ड श्मिट यांनी दाटीचा अर्थ आणखी पुढे नेला. दालचिनीच्या सुवासाच्या कुळातले सिनॅमिक आम्ल उन्हात ठेवले तर त्याचे दोन रेणू जुळून नवा पदार्थ होतो, हे एकोणिसाव्या शतकातच ठाऊक होते. मात्र विद्रावक बदलून स्फटिक केले की कधी एक पदार्थ मिळे, कधी दुसरा, कधी काहीच नाही. १९६४ मध्ये श्मिट आणि कोहेन यांनी दाखवले, की सगळे काही शेजारच्या रेणूंच्या बसण्यावर ठरते. दुहेरी बंध समांतर आणि सुमारे ४.२ अँगस्ट्रॉमच्या आत असतील तर रेणू जुळतात. अल्फा स्फटिकात शेजारी उलटसुलट असतात आणि एक पदार्थ देतात, बीटा स्फटिकात एकाच दिशेने बसलेले असतात आणि दुसरा देतात, गॅमामध्ये अंतरच जास्त, म्हणून ऊन वाया जाते. रेणूंना हवे तसे बसवता आले तर हवी ती रासायनिक क्रिया घडवता येईल, हे श्मिट यांचे स्वप्न होते. १९७१ च्या लेखात त्यांनी त्याला क्रिस्टल इंजिनिअरिंग म्हटले. त्याच वर्षी ते वारले. त्यांच्याच संस्थेतल्या लेस्ली लायझेरोविट्झ यांनी १९७६ मध्ये कार्बोक्झिलिक आम्लांच्या मांडण्यांचा समग्र आढावा लिहिला. आजही या विषयाचा अभ्यास तिथूनच सुरू करावा लागतो.

पंजांची संख्या आणि त्यांच्या दिशा बदलल्या की काय घडते, हेही त्या वर्षांत दिसले. बेंझीनच्या कड्यावर समोरासमोर दोन पंजे असलेले टेरेप्थॅलिक आम्ल, ज्यापासून पॉलिएस्टर होते, सरळ फितीसारखे पसरते. १९६९ मध्ये ड्यूशॅम्प आणि मार्श यांनी तीन पंजांचे ट्रायमेसिक आम्ल तपासले, तेव्हा कोंबड्यांच्या खुराड्याच्या जाळीसारखे षट्कोन सापडले. त्यांची भोके १४ अँगस्ट्रॉम रुंद होती. इतकी रिकामी जागा स्फटिकाला परवडत नाही, म्हणून एका जाळीच्या भोकांतून दुसऱ्या जाळ्या आरपार विणल्या गेल्या होत्या. पकडीने आखलेली घरे दाटीने भरून काढली.

या सगळ्याला भाषा दिली मिनेसोटा विद्यापीठातल्या मार्गारेट एटर यांनी. हायड्रोजन बंधांच्या नक्षीला सांकेतिक नाव देण्याची रीत त्यांनी बसवली. फुगडीचे कडे त्यात दोन देणारे, दोन घेणारे आणि आठ अणू अशा मोजक्या चिन्हांत लिहिले जाते. रेणूतला सर्वांत उत्सुक देणारा सर्वांत उत्सुक घेणाऱ्याशी आधी जुळतो, हा त्यांचा नियम प्रयोगशाळांत रोज वापरला जातो. १९९२ मध्ये त्या अकाली गेल्या. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात शिकलेल्या गौतम देसिराजू यांनी हैदराबाद विद्यापीठात याच सुमारास क्रिस्टल इंजिनिअरिंगला शास्त्राचे रूप दिले. त्यांचा ग्रंथ १९८९ मध्ये आला आणि १९९५ मध्ये त्यांनी मांडले, की फुगडीसारख्या पुन्हा पुन्हा आढळणाऱ्या नक्षी या स्फटिक बांधण्याचे सुटे भाग आहेत. हे भाग किती भरवशाचे, याचा हिशेब केंब्रिजच्या स्फटिकरचनांच्या संग्रहातून निघाला. ओल्गा केनर्ड यांनी १९६५ मध्ये सुरू केलेल्या त्या संग्रहात २०१९ मध्ये दहा लाख रचना झाल्या. १९९९ च्या मोजणीत, शक्य तिथे फुगडी घालणारे कार्बोक्झिल गट जेमतेम एक-तृतीयांश निघाले. बाकीच्यांना पाणी, नायट्रोजन किंवा दुसरा एखादा अधिक ओढ असलेला जोडीदार मिळालेला असतो.

औषधांच्या धंद्यात या हिशेबाला मोल आहे, कारण त्याच रेणूचा स्फटिक बदलला की त्याचे विरघळणे आणि टिकणे बदलते. १८९७ पासून बनणाऱ्या ॲस्पिरिनचा स्फटिक व्हीटली यांनी १९६४ मध्ये मांडला होता. त्याचा एकच प्रकार आहे, असे पुढची चाळीस वर्षे सगळे समजत होते. २००५ मध्ये दुसऱ्या प्रकाराचे वृत्त आले. दोन्ही प्रकारांत रेणू कार्बोक्झिल गटांनी फुगडी धरून थर करतात आणि तो थर दोन्हींत हुबेहूब सारखा आहे. फरक आहे तो एका थरावर दुसरा थर कसा टेकतो यात. तिथे कार्बनवरच्या हायड्रोजनचा ऑक्सिजनशी अगदी दुबळा बंध असतो. पहिल्या प्रकारात हे दुबळे बंध जोडीजोडीने समोरासमोर येतात, दुसऱ्यात साखळी धरतात. अँड्र्यू बाँड, रोलंड बोझे आणि देसिराजू यांनी २००७ मध्ये खडे बारकाईने तपासले, तेव्हा एकाच खड्यात दोन्ही मांडण्यांचे पट्टे शेजारी-शेजारी सापडले.